काळ्या रानातला बर्फाचा ड्रायव्हर

आमच्या कोरेगाव तालुक्यात बर्फ पडलेला कुणी बघितला नाही. कुणाच्या आज्या-पणज्यानंही बघितल्याचं ऐकिवात नाही. तरी महादू हवालदाराच्या ओसरीवर टायरांना बांधायच्या लोखंडी साखळ्या खुंट्यांना टांगलेल्या आहेत. दिवाळीला लोक पोराबाळांना तेल लावतात, हा साखळ्यांना लावतो. नवखा माणूस बघून विचारतो, म्हशी विकल्या का हवालदार? महादू छाती काढून सांगतो, "बर्फ सांगून येत न्हाई."

महादू फौजेत ड्रायव्हर होता. वर लडाखकडं, जिथं निम्मं वर्ष रस्ताच दिसत नाही, तिथं त्यानं ट्रक हाकले. आता त्याच्याकडं एक जुनी जीप आहे, चारी चाकांनी ओढणारी. सांगलीकडनं आणली, तेव्हा तिला दारंसुद्धा धड नव्हती. माझी वस्ती आणि त्याची वस्ती, मध्ये एक बांध. मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या आणि अजून देतो. पण गेल्या पावसाळ्यात माझी बायको हौसा गेली, ती दवाखान्यात गेली नाही. घरी, स्वतःच्या माजघरात गेली. ते ह्या माणसामुळं. असा माणूस आमच्या शिवारात आहे ह्याचा मला अभिमान आहे, आणि कुणाला तो खुपत असेल तर खुपू दे.

त्याचं गाडी चालवणं आधी सांगतो. त्याचा एकच मंत्र, "घाई न्हाई, ब्रेक न्हाई." बर्फात कचकन ब्रेक दाबला की चाक थांबतं पण गाडी थांबत नाही, ती सरळ दरीत जाते. हे बरोबर असेल. पण महादू हा नियम कोरेगावच्या बाजारात चालवतो. लांबवर रस्त्यात म्हैस दिसली की हा तिथनंच गेर उतरवायला लागतो. जीप मुंगीसारखी चालते. मागं गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. म्हैस तोवर रस्ता ओलांडून, पाणी पिऊन परत आलेली असते. एकदा मोटरसायकलवाला जाता जाता काय काय बोलून गेला. मी म्हटलं, अरे ऐकून काय घेतोस? तर म्हणाला, "त्येला पोचायची घाई हाय गड्या. मला पोचायचं हाय."

माणूस तो तोंडावरनं ओळखत नाही, टायरवरनं ओळखतो. लोणंदला एका नात्यातल्या पोरीच्या स्थळाकडं आम्ही बैठकीला गेलो होतो. सगळे आत पोहे खातायत, आणि हा बाहेर नवरदेवाच्या गाडीखाली वाकलेला. आत आला आणि पोरीच्या बापाला सगळ्यांदेखत म्हणाला, म्होरचं टायर एका अंगानं झिजलंय, पोरगं वळणावर लय जोरात जातंय. लग्न मोडलं नाही, पण सोयऱ्यांनी साखरपुड्याआधी टायर बदलले.

आणि डिफरन्शियल. देवा! तो विषय निघाला की लोक चहा टाकून उठतात. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, आत दातऱ्या असलेला, त्याला म्हणायचं डिफरन्शियल. चारी चाकं ओढणारी गाडी असली की पुढंही एक. महादू तो चावडीवर, देवळात, सावडायला गेल्यावरसुद्धा समजावून सांगायचा. कुणाला कळला नाही. मलाही नाही. कळला तो माझ्या हौसाला.

ती दारात तूर पाखडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, म्हंजी मळणीचं बैल की. मधल्या मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरतो, बाहीरचा लांबनं पळतो. वळायचं म्हनल्यावर दोघं सारखं कसं चालतील?"

महादू उठून उभाच राहिला. फौजेतल्या उस्तादाला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं म्हणाला. मग डिफरन्शियलचा दोष सांगायला लागला. एक चाक निसरड्यावर आलं की हा गोळा सगळा जोर त्यालाच देतो. ते चाक नुसतं गरागरा फिरतं आणि कडक जमिनीवरचं उभं राहतं. हौसा म्हणाली, त्यात नवल काय, आमच्या घरात पण ज्याला काम नाही तोच जास्त फिरतो. आणि माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासनं महादू माझ्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त यायला लागला. ती त्याला चिडवायची, भावजी बर्फ कवा पडायचा, मला पापड वाळवायचंत. तो गंभीरपणे आभाळाकडं बघायचा.

आणि एका उन्हाळ्यात पडला की! बर्फ नाही, गारा. वळवाच्या आधी असा मारा झाला की सगळं शिवार पांढरंफटक. आम्ही आंब्याखालनं पळतोय, आणि महादू ओसरीवरनं साखळ्या उतरवतोय. डोक्यावर पाटी पालथी घालून त्यानं एकट्यानं चारी टायरांना साखळ्या चढवल्या. चढवून झाल्या तोवर ऊन पडलं, गारांचं पाणी झालं. पण चढवलेल्या साखळ्या तशाच उतरवील तो महादू कसला. जीप काढली आणि खडखडत गावात गेला. ग्रामपंचायतीनं नुकताच डांबर टाकून घेतलेला रस्ता, तो नांगरल्यासारखा करून परत आला. सरपंच मागनं पळत आले. त्यांना म्हणाला, "रस्ता केलाय का पापड लाटलाय?" हौसा हसून हसून खांबाला धरून बसली. तेवढं हसलेली मी तिला मागनं कधी बघितली नाही, कारण मग तिचं दुखणं निघालं.

दुखणं हाडात उतरलं होतं. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, आता फार वेळ नाही म्हणाले, इथं ठेवा नाहीतर घरी न्या. हौसाला विचारायची गरजच नव्हती. ती रोज एकच म्हणत होती, मला घरला न्या. पण तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी ओरडायची. गचका म्हणून सोसत नव्हता.

अँब्युलन्स डांबरी संपते तिथवर आली आणि थांबली. तिथनं माझ्या वस्तीपर्यंत सगळं काळं रान. पाऊस दिवसच्या दिवस लागून राहिलेला. आमची काळी माती भिजली की पायातली चप्पल काढून घेते, गाडीचं काय सांगायचं. माझा पुतण्या संपत ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन तयार होता. आणि महादू जीप आडवी लावून वाटेच्या तोंडाला उभा.

संपत म्हणाला, बाजूला व्हा. महादू हलेना. ट्रॅक्टर ह्या वाटेवर घातला तर चाकोऱ्या खोल होतील, मग दुसरं काहीच जाणार नाही, आणि ट्रॉलीत तिची हाडं खिळखिळी होतील, असं त्याचं म्हणणं. संपत तापला. "आनी तुमची जीप मधी बसली तर? काकीला खांद्यावर न्यायची का?"

महादूनं विजार गुडघ्यापर्यंत सारली, काठी घेतली, आणि सगळी वाट चिखलातनं पायी चालून बघायला निघाला. कुठं कडक आहे, कुठं पोकळ आहे, काठी खुपसत खुपसत. इकडं अँब्युलन्समध्ये हौसा कण्हतीय, निघालो का विचारतीय, आणि हा फिरायला गेल्यासारखा चाललाय. मी त्याच्या नावानं काय नाही ते बोललो. आला, तर हवा सोडायला बसला. चारी टायर भाकरीसारखे पसरले. साखळ्या त्यानं आणल्याच नव्हत्या. इतकी वर्षं तेल पाजलेल्या साखळ्या, खरं काम निघालं तर घरी! मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "साखळीचा हिसका बसतो. वहिनीला सोसायचा न्हाई."

जीपची मागची बाकडी काढून भाताचं पिंजर पसरलेलं होतं, वर त्याचं फौजेतलं ब्लँकेट. तिला ठेवली, मी उशाला बसलो. महादूनं पुढच्या चाकांचं ओढणं लावलं, सगळ्यात खालचा गेर टाकला आणि निघाला. मी जन्मात इतका सावकाश कुठं गेलो नाही. घाई नाही, ब्रेक नाही. हौसानं डोळे मिटले होते, पण कण्हत नव्हती.

ओढ्याच्या चढाला मागचं एक चाक निसरड्यात सापडलं. नुसतं भिर्र फिरायला लागलं, चिखल उडाला आणि जीप जागच्या जागी उभी. मागनं संपत ओरडला, बसली बघा! घर समोर दिसत होतं. आणि हौसानं डोळे न उघडता विचारलं, "भावजी, बाहीरचा बैल एकलाच पळाय लागला व्हय?"

"व्हय वहिनी. त्येला आवरतो. आज ब्रेक लावाय लागतोय, माफी असावी."

"लावा की. बर्फ कुठाय हितं."

त्यानं एका पायानं रेस तशीच धरली आणि दुसऱ्या पायानं ब्रेक हळूहळू दाबत नेला. मोकाट फिरणारं चाक दबलं, तसा जोर पलीकडच्या चाकाकडं गेला. बसलेली गाय उठते ना, मागचं अंग आधी उचलत, तशी जीप उठली आणि चढ चढली. एक हिसका नाही. संपतनं पुढं पळत येऊन जीपला हात लावला आणि मला म्हणाला, म्हातारं लय भारी हाय. म्हटलं, मग? कुणाचा शेजारी हाय?

मी आणि संपतनं तिला ब्लँकेटसकट उचलून माजघरात बाजंवर ठेवली. हौसानं आढ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं. "पोचले बया," म्हणाली. मग म्हशीला पाणी दाखवलं का विचारलं. त्यावरनं मला कळलं की ती खरंच घरी आली. पुढं थोडेच दिवस होती, पण ते तिचे होते.

तिला घरी आणली त्या दिवशी दिवेलागणीला माझ्या ध्यानात आलं, महादू आत आलेलाच नाही. चहा घेऊन बाहेर गेलो. तो पायपंपानं टायरात हवा भरत होता. आत चल म्हटलं. पायाला चिखल हाय म्हणाला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आत गेल्यावर काय म्हनली?"

"पोचले म्हनाली."

"आनी?"

मी म्हटलं, आणखी काय, बोलली काहीबाही. त्याचा पाय पंपावर थांबला.

"माजी गेली तवा मी बर्फापलीकडं हुतो. रस्ता खुला हुईस्तोवर हिकडं सगळं आटपलं हुतं. शेवटाला काय काय बोलली ती, मी ज्येला त्येला इचारलं. सगळी म्हनायची, तुजी वाट बघत हुती. म्होरं कुनी सांगंचना."

इतक्या वर्षांचा शेजार. त्याची बायको तो फौजेत असताना गेली एवढं मला ठाऊक होतं. ह्यातलं काही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

मी चहा बॉनेटवर ठेवला आणि चाकाला टेकून चिखलातच बसलो. उंबऱ्यापासनं सगळं सांगायला लागलो. तिनं आढ्याकडं कसं बघितलं, म्हशीचं काय विचारलं, उशी भिंतीच्या बाजूला का मागितली, कुणावर करवादली. तो ऐकत होता. मी थांबलो, की म्हणायचा, "मंग?"