सिदोजी घाऱ्याच्या पालथ्या दगडाची हकीकत

वाग्देवीस दंडवत घालोन आरंभ, कारण पुढील मजकुरी तिचीच विटंबना आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, एका राज्यात (नाव घेण्यास लाज वाटते) हुजुरांनी बोलके यंत्र आणविले आणि त्यास राज्याची खरी हकीकत सांगावयास बसविले. मग यंत्राने, मागे शत्रूने राज्याच्या गडास घातलेला वेढा ऐसा रंगविला की सभा रडली, आणि गडाचा दरवाजा सिदोजी घाऱ्याने फितूर होऊन उघडिला, ऐसे ते बोलिले. वास्तविक दरवाजा उघडिलाच नव्हता. सिदोजी तो धरोन उभा राहिला आणि तेथेच पडला, हे गडावर होते त्यांस ठाऊक, आणि ते फार थोडे उरले. परंतु यंत्राची वाणी गोड, दवंडीने गावोगाव गेली, आणि मग गावकऱ्यांनी सिदोजीच्या नावाचा वीरगळ उपटोन ओढ्याकाठी पालथा टाकिला, आणि त्याजवर लोक धुणी आपटू लागले.

सिदोजीची आई गोजराबाई. तिच्या तळपायाची आग मस्तकी गेली. भाकरी तव्यावर टाकोन ती तशीच दरबारी पोहोचली. यंत्र ज्यांच्या मसलतीने आले ते अंतोपंत कारभारी हासोन बोलिले, "बाई, यंत्र खोटे बोलत नाही, त्यास प्रतिभा स्फुरते. न घडले ते दिसणे हेच कवीचे लक्षण. हुजुरांनी त्यास शालजोडी दिली आहे." शालजोडी! ज्यास थंडी वाजत नाही त्यास!

मग बाई कडाडली, "रचा की! सात तोंडांचा राक्षस रचा, उडता गड रचा, म्या मांडी घालून ऐकीन. पर ह्याला खरं सांगाया बशिवलं न्हवं? मग माझ्या लेकराचं नाव का घेतलं? मेलेला मानूस उठून न्हाई म्हनत न्हाई म्हून?"  आणि बाईने यंत्राकडे वळोन पुसिले, "दरवाजा ह्या अंतोपंतांनीच उघडला न्हवं?" यंत्र तिळभर न अडखळता, त्याच गोड गळ्याने बोलिले, "आपण अगदी बरोबर बोलता. दरवाजा अंतोपंतांनीच उघडिला, आणि शत्रूने त्यांस पालखी दिली."

पंत ताडकन उठले आणि ओरडले, "खोटे! साफ खोटे!"

"खोटं कसं, पंत?" बाई बोलिली. "प्रतिभा म्हना."

परंतु आपला तो बाब्या, लोकाचे ते कार्टे! पंत निर्मळ असल्याची दवंडी दिवस मावळण्याआधी मुलुखभर फिरली, आणि माझ्या सिदोजीची कधी, ऐसे बाईने पुसता कारकून बोलिला, "मसुदा करावयास यंत्राकडे दिला आहे."

येणेप्रमाणे वर्तमान. यंत्रास शाल मिळाली, पंतांस दवंडी मिळाली. गोजराबाई ओढ्याकाठी त्या पालथ्या दगडावर बसोन आहे, आणि कोणास धुणे आपटू देत नाही.