श्रावणी शुक्रवार आणि थिअनिन

मला झोप येत नाही, हे मी घरात बोलून दाखवलं आणि इथेच माझं वाटोळं सुरू झालं. गप्प पडून छताकडे बघत राहिलो असतो, तर आजही शारजात, रोल्लातल्या माझ्या घरात, माझ्या हक्काच्या एसीखाली असतो.

झोप उडायला कारण होतं. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइप-फिटिंगच्या कंपनीला रुवैसच्या रिफायनरीचं काम मिळालं होतं. तिथल्या साइट ऑफिसात दोन वर्षांसाठी एकजण जाणार होता. रुवैस म्हणजे एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे वाळू आणि मध्ये बॅचलर कॅम्प. फॅमिली अलाउड नाही. दोनच नावं उरली होती, कमरुद्दीन आणि मी. कमरुद्दीन केबिनमध्ये जाऊन साहेबांना सरळ "मेरे को नहीं जाना" सांगून मोकळा झाला. मला असं कुठे बोलता येतं? (मी न्हाव्यालासुद्धा "बास" म्हणू शकत नाही. तो थांबेल तेव्हा माझे केस कापून झाले.)

"बाबा, यू नीड एल-थिअनिन," आमची दहावीतली केया कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली.

"ते काय असतं?"

"ग्रीन टीमधलं अमिनो ॲसिड. पीपल टेक इट टु रिलॅक्स."

"ॲसिड?" स्वयंपाकघरातून सुलक्षणा ओरडली. "अगं, त्यांना आधीच पित्ताचा त्रास!"

तरी मी फार्मसीतून बाटली आणलीच. सुलक्षणाने मनातल्या मनात दिऱ्हमचे रुपये केले आणि देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीशेजारी ती बाटली जपून ठेवली. पहिल्या कॅप्सूलनंतर मला फार छान वाटलं. झोप आली नाही, पण झोप येत नसल्याचं दुःखही झालं नाही. आणि श्रावण लागला.

दुसऱ्याच दिवशी बाटली रिकामी.

"अगं, माझ्या कॅप्सूल?"

"केयाने मला लेबल वाचून दाखवलं. वेष्टण जिलेटिनचं आहे. जनावरांच्या हाडांचं! श्रावणात माझ्या घरात चालायचं नाही."

"मग औषध फेकलंस?"

"फेकते कशाला? एवढं महागाचं! सगळ्या कॅप्सूल उघडल्या आणि आतली पावडर चहाच्या डब्यात मिसळली. चहातूनच काढलंय ना ते? गेलं परत माहेरी."

मी दिवसातून चार-चार वेळा तो चहा प्यायला लागलो. आलं, वेलची, दूध, साखर घालून चांगला खळाखळा उकळलेला. झोप आणखी लांब पळाली, पण मी मनाशी म्हटलं, जगन्नाथ, तू आतून रिलॅक्स होतो आहेस. तुला ते कळत नाहीये, एवढंच.

इकडे साहेब येत्या शनिवारी नाव जाहीर करणार होते. मी हातपाय गाळले. मग सुलक्षणानेच तोड काढली.

"शुक्रवारी सुट्टी आहे आणि श्रावणातला शुक्रवारही. साहेबांच्या लतिकावहिनींना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावते. त्यांच्यामागे साहेब येतीलच. पुरणपोळी खाऊन माणूस नरम पडतो. जेवणं झाली की साहेब रुवैसचा विषय काढतीलच, तेव्हा तुम्ही फक्त 'नाही जमणार' म्हणायचं. पुढचं मी बघते. केयाची दहावी म्हणेन, पदर डोळ्याला लावेन, चांगली रडेन."

"मला 'नाही' म्हणता येईल?"

"अहो, दोन शब्द आहेत! आरशासमोर उभे राहा आणि म्हणा."

म्हटले. आरसा सोडून कोणाला पटले असते, असं नाही.

शुक्रवारी प्रल्हादसाहेब आणि लतिकावहिनी आले. वहिनींची ओटी भरली, हळदीकुंकू झालं. आल्या आल्या चहा झाला. मी दोन कप मारले. थिअनिन पोटात गेलं म्हटल्यावर मला इतका धीर आला, की पाट मांडले तेव्हा मी रुवैस विसरलो. मन शांत असल्यावर हात कशाला आखडायचा? पहिली पोळी साजूक तुपाबरोबर गेली. दुसरी दुधाबरोबर. तिसरी साहेबांनी आग्रह केला म्हणून. चौथी वहिनी म्हणाल्या म्हणून. (मी सांगितलं ना, मला "बास" म्हणता येत नाही.) वर कटाची आमटी, भजी आणि मसालेभात.

मग आम्ही सोफ्यावर बसलो. एसी गार होता. साहेब पानाला चुना लावता लावता बोलू लागले. "रुवैसची साइट म्हणजे जगन्नाथराव, जबाबदारीचं काम आहे हो..." त्यांचा आवाज खूप लांबून, मऊ मऊ येत होता. मला वाटलं, काय ही शांती! काय हे अमिनो ॲसिड! आता यांना 'नाही' म्हणणं म्हणजे किरकोळ गोष्ट.

त्यानंतरचं मला आठवतं ते सुलक्षणाचं कोपर. बरगडीत.

"अहो, साहेब निघालेत!"

मी धडपडत उठलो. प्रल्हादसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"शाबास, जगन्नाथराव! ऑफिसात जो तो रडतो. तुमच्यासारखा माणूस बघितला नाही. यल्ला, चला, रविवारी गाडी पाठवतो. सामान बांधून ठेवा."

दार बंद झालं. मी तिथेच पायपुसण्यावर बसकण मारली.

"सुलक्षणा, कसलं सामान? मी कधी हो म्हणालो?"

"मला काय विचारता? साहेबांनी तीनदा विचारलं, 'रुवैसला जाल ना?' तिन्ही वेळा तुमची मान छातीपर्यंत गेली आणि वर आली."

"अगं, ते थिअनिन होतं! तुझ्या त्या चहाच्या डब्याने माझा घात केला!"

"बाबा, थिअनिन डझन्ट मेक यू स्लीपी," केया म्हणाली. "इट सेज सो ऑन द बॉटल."

"आणि तो डबा मी आज उघडलासुद्धा नाही," सुलक्षणा म्हणाली. "सवाष्णीला कोणी औषध घातलेला चहा पाजतं का? नवा पुडा फोडला होता."

"मग मी... नुसता पुरणपोळीवर...?"

"चार खाल्ल्यात! बैलसुद्धा आडवा झाला असता."

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात रडण्यावरून आठवलं.

"आणि तू? तू रडणार होतीस ना? केयाची दहावी, पदर, सगळं ठरलं होतं!"

"रडतच होते की!" आता ती खरोखर रडायला लागली. "पदर डोळ्याला लावला, 'भाऊजी, यांना नाही हो जमणार' म्हणाले, आणि नेमके तुम्ही घोरायला लागलात. साहेब म्हणाले, 'बघा वहिनी, एकदा मनापासून निर्णय घेतला की माणसाला कशी शांत झोप लागते!'"

रविवारी गाडी आली. आता मी रुवैसच्या कॅम्पमध्ये, सहाजणांच्या खोलीत वरच्या बंकवर पडून छताकडे बघत असतो. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्या महिन्याभरात मला लागलेली सोफ्यावरची ती तेवढीच एक झोप.