गरम संत्रा

थर्टी फर्स्टला गावातला एकही पुरुष धाब्यावर जाणार नाही, असं जयवंतानं भर ग्रामसभेत ठणकावलं. वर, "एक जरी गेला तं महिला मंडळाचं अध्यक्षपद सोडीन," असंही बोलून बसली. दारूबंदीसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं, पण जिभेला लगाम कधी घातला नव्हता.

उपाय मोबाइलवर सापडला होता. अंगणातल्या चुलीवर लग्नाच्या स्वयंपाकाचा मोठा गंज चढला. घरच्या संत्र्यांचा रस, सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, लवंग, अद्रक, गूळ.

"कायचा काढा करून राहिली व?" ओसरीवरून सासू जमुनाबाईंनी विचारलं.

"काढा नोका म्हनू, आत्याबाई. पार्टीचं पेय हाय. याले पंच म्हनतात."

"वास तं खोकल्याच्या औषधाचा येऊन राहिला."

जयवंता तणतणत फळा लिहायला बसली. पंच लिहिलं तर लोक भांडणं घेऊन येतील, म्हणून तिनं ठळक लिहिलं: गरम संत्रा. फुकट.

आता आपल्याकडे संत्रा हे दिवस मावळेपर्यंत फळ असतं. मावळला की ती देशी दारू होते. तिच्या नवऱ्यानं, पंजाबरावांनी, तसं सांगून पाहिलं.

"नाव बदल व. लोकाईले दुसरंच वाटते."

"झाड आपलं, फळ आपलं. नाव त्या बाटलीवाल्याईनं चोरलं. मंग म्या काहून बदलू?"

संध्याकाळी तिच्या बोलावण्यावरून झाडून सगळे पुरुष आले. फळा वाचला आणि चार पावलं मागे सरून हाताची घडी घालून उभे राहिले. बंडूनं जीप धाब्याकडे तोंड करूनच लावली होती.

जयवंतानं पहिला ग्लास नवऱ्यापुढे धरला. पंजाबरावांनी हात मागे नेले.

"जमत नाई. शपथ हाय."

"कायची शपथ?"

"तूच देल्ली न आमा साऱ्याईले, मोझरीच्या समाधीवर नेऊन. आजपासून संत्र्याले तोंड लावनार नाई."

"आमी शपथीचे पक्के, काकू," बंडू म्हणाला. "धाब्यावर जातो अन् नुसतं जेवतो."

या पक्क्यांपैकी निम्म्यांनी ती शपथ दिवाळीतच मोडली होती. जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं दात-ओठ खात फळा पुसला आणि लिहिलं: गरम मोसंबी.

"मोसंबी बी होती शपथीत," पंजाबराव हळूच म्हणाले.

होतीच. देशीची जेवढी नावं तिला ठाऊक होती, तेवढी तिनं शपथेत कोंबली होती. बंडूनं हॉर्न दिला आणि गडी जीपकडे वळले.

जयवंता तरातरा गेली, जीपची चावी उपसली आणि कमरेला खोचली. मग ओसरीकडे न बघता म्हणाली, "काढा हाय हा. सर्दी-खोकल्याचा. काढ्याची शपथ कोनं घेतली होती?"

कोणीच घेतली नव्हती. ओसरीवर जमुनाबाईंना हसता हसता खराच खोकला आला.

"चला मंग, रांगेत या. गंज रिकामा होईस्तोवर चावी भेटनार नाई."

पहिला ग्लास सगळ्यांनी नाक दाबून घेतला. दुसरा मागून घेतला. गंजाचा तळ दिसला तेव्हा जेवायची वेळ झाली होती, थंडी पळाली होती आणि धाब्याचं नावही कोणी काढत नव्हतं. जयवंता मिरवतच चावी द्यायला गेली. जिंकली होती ती.

बंडूनं मिशी पुसत अदबीनं विचारलं, "काकू, हा काढा जेवनाच्या आंधी घ्याचा का नंतर?"