पस्तीस बाय पंचेचाळीस

माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की फोटोग्राफरने त्याला हसायला सांगायचं, अशी जगाची रीत आहे. आमचे पास्कूकाका मात्र कोणी हसलं की खेकसतात. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा चिंचोळा स्टुडिओ आहे आणि तिथून दिवसभर एकच आरोळी ऐकू येते, "दात आत." स्टँडवरचे रिक्षावाले एव्हाना इतके तयार झालेत, की आपसात भांडण लागलं तरी एकमेकांना दात आत घ्यायला सांगतात.

आरोळीपाठोपाठ कारणही ठरलेलं असतं. "युरोपला दात चालत नाहीत."

पास्कूकाका व्हिसाचे फोटो काढतात. पस्तीस मिलिमीटर रुंद, पंचेचाळीस मिलिमीटर उंच, मागे पांढरा पडदा, हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा बत्तीस ते छत्तीसच्या दरम्यान, नजर समोर, तोंड मिटलेलं. हे सगळं ते रोझरीच्या प्रार्थनेच्या सुरात म्हणतात. खिशात पारदर्शक फूटपट्टी असते आणि ती फक्त दुकानातच बाहेर येते असं नाही. एका रविवारी प्रवचन चालू असताना ते एक डोळा मिटून, हात लांब करून वेदीकडे पट्टी धरून बसलेले मी स्वतः पाहिलेत. मिस्सा संपल्यावर म्हणाले, "फादरांचा चेहरा लांब आहे रे, पण बसवता येईल."

खरं तर चाळीस वर्षं या माणसाने लोकांना हसवण्याचंच काम केलं. माणिकपूरपासून पाचूबंदरपर्यंत कुणाचंही लग्न असो, कॅमेरा गळ्यात अडकवून पास्कूकाका हजर. नवरीच्या बापाचा चेहरा पडलेला दिसला की ते स्वतःच नवरीचा पांढरा जाळीदार व्हेल डोक्यावर घेऊन लाजून दाखवायचे. मग मोबाइल आले, लग्नाचे फोटो काढायला ड्रोनवाली तरुण मंडळी आली आणि काका रिकामे झाले. राहिले फक्त व्हिसाचे फोटो, कारण ते मोबाइलवर धड जमत नाहीत. आणि आमच्या वसईतून युरोपला जाणाऱ्यांची काही कमी नाही. कोणी नर्स म्हणून आयर्लंडला, कोणी शिकायला जर्मनीला, आणि तीर्थयात्रेची मंडळी तर दर मे महिन्यात रोम, लुर्द, फातिमा करायला निघालेलीच असतात.

फोटोंचे नियम पाठ करता करता काकांनी बाकीचे नियमही पाठ केले. आता ते अख्खी फाइल तपासतात. पासपोर्टात दोन कोरी पानं हवीत, परतीच्या तारखेनंतर तीन महिन्यांची मुदत शिल्लक हवी, विमा हवा, जाण्यायेण्याचं बुकिंग हवं. बाप्तिस्म्याला बोलावलं तर बाळाच्या हातात पाकीट ठेवता ठेवता विचारतात, "पासपोर्ट काढला का ह्याचा?"

मध्यंतरी एका जुन्या दोस्ताने हट्टाने मुलीच्या लग्नाचे फोटो काढायला काकांनाच बोलावलं. काकांनी मन लावून काम केलं, पण सवय जाते कुठे. त्या अल्बममध्ये दोन्हीकडची सव्वाशे माणसं ओठ घट्ट मिटून समोर बघताहेत. नवरीकडे पाहून वाटतं, हिला आत्ताच व्हिसा नाकारलाय.

पाचूबंदरच्या एक कोळीण मावशी त्यांच्या चर्चच्या पॅरिशबरोबर रोमला निघाल्या होत्या, त्यांच्याशी काकांची जुंपली होती. मावशींचं हसू काही केल्या आत जाईना. शेवटी त्या म्हणाल्या, "मी नाय हसली तर ती मीच हाय हे त्यांना कलनार कसं?" त्या दिवशी काकांनी दुकान लवकर बंद केलं, असं मला रिक्षावाल्यांनी सांगितलं.

आता आमच्या घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण शर्लिन पोर्तुगालला असते. तिची मुलगी अना आठ वर्षांची झाली, पण आमच्या आईने तिला फक्त मोबाइलच्या काचेतून पाहिलेली. यंदा मे महिन्यात अनाचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा, होता आणि आईने काहीही झालं तरी जायचं ठरवलं होतं. अडचण एकच होती. एका एजंटाने भरलेला तिचा अर्ज आधी एकदा परत आला होता. ही बाई तिथून परत येईल अशी खात्री वाटत नाही, असं त्यात कारण होतं. आईला त्याचा फार राग आला होता. दुसऱ्यांदा नकार आला असता तर कम्युनियन चुकणार होता, आणि सत्तरीच्या आईला आणखी किती वर्षं प्रवास झेपणार होता? मी तिला घेऊन पास्कूकाकांकडे गेलो.

काका आणि आई लहानपणापासून एकमेकांना ओळखतात. तरी काकांनी तिला गिऱ्हाइकासारखं स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली. "मार्थाबाय, परत येशील कशावरून?"

"न येऊन काय करू? माझ्या कोंबड्यांना दाणे कोण घालील?" आई म्हणाली.

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. काकांनी वहीत लिहून घेतलं, "कोंबड्या." दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा घेऊन आमच्या वाडीत आले. आईला विहिरीपाशी उभी केली, केळीपाशी उभी केली, खुराड्यापाशी उभी केली. सातबाऱ्यासोबत हे सगळे फोटो फाइलला जोडायचे होते. त्या फोटोंत आई मख्ख उभी आहे आणि कोंबड्याही, मला वाटतं, काकांच्या धाकाने गप्प आहेत. खुराड्याच्या फोटोमागे त्यांनी इंग्रजीत लिहिलं, "अर्जदाराच्या अकरा कोंबड्या." मी म्हटलं, काका, हे कुठल्या नियमात नाही. ते म्हणाले, नको असंही कुठल्या नियमात नाही.

मग बोटांचा प्रश्न आला. व्हिसाला दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. आईची बोटं जन्मभर वाडीत राबून गुळगुळीत झालेली, वर केळफूल चिरून चिरून काळी पडलेली. काकांनी तिला आठ दिवस केळफूल, कच्चा फणस आणि बोंबील यांना हात लावायची बंदी केली आणि रात्री ग्लिसरीन चोळायला सांगितलं. त्या आठ दिवसांत आमच्याकडे स्वयंपाक मी केला. घरात पोर्तुगालबद्दल पहिली नाराजी तेव्हा व्यक्त झाली.

पण खरी लढाई फोटोची झाली. आईने प्रवासाच्या तयारीत नवी कवळी करून घेतली होती आणि ती तोंडात असली की वरचा ओठ खाली यायला तयार नव्हता. काकांनी "दात आत" म्हटलं की आई हनुवटी आत घ्यायची. कवळी काढून पाहिली तर गाल बसले आणि चेहरा पासपोर्टशी जुळेना. मग काकांनी तिला "म" म्हणायला लावलं. आई बिचारी दीड तास त्या स्टुलावर "म, म" करत बसली होती. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांना वाटलं, आत कोणाची तरी वाचा गेलीय. एकोणिसाव्या फोटोला ओठ जुळले. काकांनी पट्टी लावली, चौतीस मिलिमीटर, आणि रुमालाने कपाळ पुसलं.

फाइल गेली. ठसे एकदाचे उमटले. त्यानंतर अठरा दिवस आई कोंबड्यांशीही धड बोलली नाही. शर्लिनचा रोज फोन यायचा, अनाचा पांढरा फ्रॉक शिवून झाला होता, आणि आई दर वेळी "बघू" एवढंच सांगायची. पासपोर्टचं पाकीट आलं तेव्हा तिला ते उघडायचा धीर होईना. ती म्हणाली, पास्कूकडे जाऊ, त्यालाच उघडू दे.

काकांनी पाकीट कात्रीने कापलं, पासपोर्ट काढला, पान उलटलं आणि भिंग लावून बघत बसले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतोय. बऱ्याच वेळाने ते समाधानाने म्हणाले, "तोंड पूर्ण मिटलंय."

"अरे, पण मिळाला का?" आईने विचारलं.

"मिळाल्याशिवाय फोटो छापतात का स्टिकरवर?" काका म्हणाले. आई स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. काकांनी तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि मग खोकून खोकून शेवटी विचारलं की फातिमा तिथेच पोर्तुगालात आहे, मेरीमातेच्या दर्शनाला जाणार आहेस का. आई म्हणाली, शर्लिन नेणार आहे, कम्युनियननंतर.

काकांनी टेबलाचा खण उघडला आणि प्लास्टिकच्या पाकिटातून एक फोटो काढला. पस्तीस बाय पंचेचाळीस. फिलोमिनाकाकूचा. सगळे तिला फिलू म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी ती आणि काका पॅरिशच्या यात्रेबरोबर फातिमाला निघाले होते. दोघांचे व्हिसे आले, बॅगा भरून झाल्या, आणि निघायच्या बारा दिवस आधी काकू झोपेतच गेली. काका त्यानंतर कुठेच गेले नाहीत. लोकांना मात्र धाडत राहिले.

"मेरीमातेपुढे ठेव एवढा," ते म्हणाले. "तिला तिथे पोचायचं होतं."

आईने फोटो हातात घेतला, उजेडाला धरला आणि परत टेबलावर ठेवला. "पास्कू, ही फिलू नाही रे."

मला आईचा राग आला. पण काकांनी मान डोलावली. "नियमात बसवली मी तिला," ते म्हणाले. "हसत होती नेहमीसारखी. चार वेळा ओरडलो तिच्यावर. पाचव्या वेळेला हा मिळाला." त्यांच्या लग्नाचा अल्बम आणि निगेटिव्ह एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तेव्हा गेले होते. नंतर प्रत्येक रविवार दुसऱ्यांच्या लग्नात गेला. जन्मभर जगाचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे बायकोचा हा एवढाच फोटो होता आणि थडग्यावरच्या फरशीवरही तोच होता. ते हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगत होते, पण त्यांची बोटं फूटपट्टी पुन्हा पुन्हा पुसत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आल्या आल्या आईने कपाटातून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला. पानामागून पानं उलटत तिला हवं ते सापडलं आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा स्टुडिओत गेलो. आई-बाबा केक कापत होते तो फोटो. आईने तो काकांपुढे ठेवला.

काकांनी सवयीने आधी चुका काढल्या. "फोकस हललाय. उजवीकडे कोणीतरी अर्धं कापलंय. कुठल्या गाढवाने काढलाय हा?"

"तूच," आई म्हणाली. "आणि कापलंयस ती बघ कोण आहे."

उजव्या कडेला दिव्याचा स्टँड धरून फिलूकाकू उभी होती. नुकतं लग्न झालेली असणार. नवऱ्याबरोबर ती तेव्हा लग्नांना दिवे धरायला जायची. एक खांदा चौकटीबाहेर गेलेला, चेहरा जरासा पुसट, आणि समोर खुर्चीवर चढून कसरत करणाऱ्या फोटोग्राफरकडे बघून ती खळखळून हसत होती.

काका उठले, फोटो मशीनवर ठेवला आणि त्या कडेचा पोस्टकार्डाएवढा प्रिंट काढला. खिशातल्या पट्टीला त्यांनी हात लावला नाही. प्रिंट वाळवून, पाकिटात घालून त्यांनी आईला दिला आणि म्हणाले, हा ने.

आई मे महिन्यात गेली. सोबत सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी नेली, कवळी नेली, आणि ते पाकीट पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी ठेवलं. अनाच्या कम्युनियनचे दोनशे फोटो शर्लिनने पाठवले. आठवड्याने आणखी एक आला. फातिमाला उघड्यावर मेणबत्त्यांची रांग जळतेय, रांगेपुढे आई वाकलीय आणि तिच्या हातात फिलूकाकू हसतेय. मी तसाच मोबाइल घेऊन माणिकपूरला गेलो.

काकांनी हातातला कॅमेरा बाजूला ठेवला. फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. चष्मा काढून पुसला. मी वाट बघत होतो की आता उजेड कुठून पडलाय ते सांगतील.

"पोचली," ते म्हणाले. मग खाली स्टुलावर बसले आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून रडायला लागले, हसायला लागले, मला नीट सांगता यायचं नाही.

बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी जाऊन त्यांना अर्ध्या तासाने यायला सांगितलं.