दगडाच्या लोकरीतली आवणी

धनेशचं लग्न तुळशीवर अडलं होतं. तुळशीचं लग्न सगळ्यांनी पाहिलंय, पण तुळशीवर अडलेलं लग्न सापगावच्या पंचक्रोशीत हे पहिलंच. त्यातही ही तुळस आपली अंगणातली नव्हे. बेझिल म्हणतात ती, ठाण्याच्या हॉटेलांत पिझ्झ्यावर टाकतात ती परदेशी. तिच्यापायी धनेशनं कंपनीतली नोकरी सोडली, घरामागं हिरवी जाळी ताणली, कंबरेएवढ्या घोड्यांवर पांढरे पाइप आडवे टाकले आणि माती नसलेली शेती मांडली. पाइपातून पाणी फिरणार, पाइपाला भोकं, भोकात ठोकळा आणि ठोकळ्यात रोप. ठोकळाही साधा नव्हे. दगड वितळवून त्याची लोकर काढतात, तिचा. रॉकवूल.

"दगडाची लोकर?" त्याचा बाप रघू म्हणाला होता. "उद्या धोंड्याचं दूध काढशील." आणि तेव्हापासून तो घराच्या मागच्या दारानं गेला नव्हता.

पण खरी धास्ती बापाची नव्हती, सासऱ्याची होती. शीतल मुरबाडच्या पलीकडची. दोघांचं जमलं होतं. फक्त तिचे वडील लडकूशेट अजून जमायचे होते. ते जातिवंत भातवाले. त्यांनी एकच निरोप धाडला होता, "नोकरी सोडलेल्याला मी पोर देत नाय. शेती करतो म्हनतो ना? रविवारी येतो. उभी शेती दिसली तर बोलू, नाय दिसली तर चाय पिऊन उठू."

बेझिलच्या काड्यांना कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, ट्रेमध्ये मुळं फुटून तयार होती. ठोकळ्यांचं पार्सल मात्र भिवंडीच्या कुठल्याशा गोदामात झोपलं होतं, ते उगवलं शुक्रवारी सकाळी. धनेश लगेच बसला. ठोकळा भिजवायचा, काडी पानाला धरून अलगद उचलायची, मुळाला बोट लावायचं नाही, भोकात सोडायची. एकेका काडीला तो असा जपत होता की बाळंतिणीनं शिकावं. दुपार झाली तेव्हा पहिला पाइप अर्धा भरला होता.

त्याची आई गीताबाई दारातून बघत होती. "या चालीनं तुझी आवणी शिमग्याला संपंल."

"आई, ही आवणी नाय. हे ट्रान्सप्लांटिंग आहे."

"रोप इथून काढायचा नि तिथं लावायचा, त्यालाच आवणी बोलतात. बायका बोलावू का? जिवलीची टोळी आजच मोकळी झालीय."

धनेश नाही म्हणणार होता, पण तेवढ्यात पाण्याचा पंप घुर्र करून गप्प झाला. पंप शहापूरला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

जिवली, गिरजा आणि चंदा आल्या. ह्या तिघी आवणीला उतरल्या की बांधावरचा बगळा लाजून उडून जातो, अशी त्यांची ख्याती. धनेशनं त्यांना एक काडी लावून दाखवली. "मावशी, हळू. मुळाला हात नाय लावायचा. आधी ठोकळे पाण्यात मऊ करून घ्या."

"पोरा," जिवली म्हणाली, "तू पाळण्यात होतास तवापासून आमी लावतो. जा तू."

तो गेला. शहापुरात मोटार दुरुस्त करणाराच आवणीला गेलेला. त्याला चिखलातून बोलावून, हात धुवायला लावून, पंप फिरता करून धनेश परतला, तेव्हा मागच्या अंगणात शांतता होती. सगळे पाइप भरलेले. तिघी ओट्यावर बसून चहा पीत होत्या आणि तिघीही पाय खाजवत होत्या.

"झाला?" धनेशला खरंच वाटेना. "सगळं?"

"मगाशीच. मधी तंबाखू पन मळून झाली."

तो पाइपाजवळ जाऊन वाकला. प्रत्येक भोकात चार-चार काड्या, अंगठ्यानं खोल दाबलेल्या, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. उरलेल्या काड्या पेंढ्यानं बांधून, मुठी करून ओळीनं ठेवलेल्या.

"मावशी, एका ठोकळ्यात एकच सांगितली होती ना!"

"एकच?" गिरजा हसली. "एकटा रोप वाऱ्यात कुनाला धरून ऱ्हाईल? चार असले म्हंजे एकमेकाला सांभाळतात."

"आणि मुळांना चिकटलेलं कोकोपीट? ते कुठं गेलं?"

"ती भुसकट माती व्हय? ती झाडली."

"कशी झाडली?"

चंदानं एक मूठ उचलली आणि भाताची मूठ पायाच्या घोट्यावर आपटतात तशी फाडदिशी आपटून दाखवली. मुळं चारी दिशांना उडाली. त्यातलं एक धनेशच्या मिशीत अडकलं.

"आणि ठोकळे? हे चपटे कसे झाले?"

आता जिवली उठली. तिला हा प्रश्नच कळला नव्हता. "तूच बोललास ना पाण्यात मऊ करा? टबात टाकले नि तिघी चढलो वर. चिखलणी केल्याबिगर कधी आवणी होते काय रे? पन काय रे लोकर ती! पाय नुसते पेटलेत. खाजकुयली बरी!"

धनेश डोकं धरून पाण्याच्या टाकीच्या कडेला बसला. त्याच्या ह्या शेतीत एकच गोष्ट नको होती, ती म्हणजे माती. आणि आवणी संपली की मालकाला चिखल फासून खुशाली मागायची, हा त्या बायकांचा हक्क होता. तिघींनी येताना खाचरातून पदराआड गोळे आणलेच होते. पहिला गोळा त्याच्या गालावर बसला. दुसरा चुकवायला तो वाकला, आणि बाकीचे सगळे सरळ टाकीत.

नुकता शहापूर बघून आलेला पंप जोडल्याबरोबर दोन घोट चिखल प्याला आणि पुन्हा झोपला.

शनिवारी सकाळी बेझिलनं मान टाकली. सगळी एकदम, जणू पाइपावर कुणी ओली फडकी वाळत घातलीयत. धनेशनं ठोकळ्यांच्या कंपनीच्या साहेबाला फोन केला. साहेब म्हणाले, "रूट डॅमेज आहे. रिपीट करा." जणू कोंबडीनं फक्त एक अंडं कमी दिलं होतं.

मग त्यानं शीतलला फोन केला. "पप्पांना पुढच्या रविवारी आण ना."

"वेडा झालास काय? जीप ठरलीय. मामा पण येतोय. आणि ऐक, आवणीनं पप्पांची कंबर धरलीय. हात कंबरेवरून निघत नाय. सकाळपासून सगळ्यांवर खेकसतायत. उगाच काय तरी बोलू नकोस त्यांना."

"शीतल, शेती मेली."

 ती बारीक आवाजात म्हणाली, "सगळी?"

"सगळी."

"मग मी काय सांगू त्यांना?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी तो पाहुण्यांना घ्यायला सापगावच्या नाक्यावर गेला, तो निर्णय करूनच. वाटेतच सांगून टाकायचं. जीपमधून लडकूशेट उतरले ते काटकोनात. एक हात कंबरेवर, दुसरा मामाच्या खांद्यावर.

"शेट, ते शेतीचं जरा..." धनेशनं सुरुवात केली.

"आधी बघू, मंग बोलू."

"नाय, पण बघायच्या आधीच..."

"अरे, माझी कंबर तुटतेय नि तू रस्त्यात उभा करतोस? चल!"

अंगण आलं. धनेशनं डोळे मिटले. आपण शहापूरच्या बाजारात मोटारी दुरुस्त करतोय, एकटे, पांढऱ्या केसांचे, असं चित्र त्याला स्वच्छ दिसलं. मग लडकूशेटांचा आवाज आला, "आयला!"

त्यानं डोळे उघडले. पाइपांवर हिरवंगार उभं होतं. भोकाभोकातून, ठोकळ्याठोकळ्यातून, ताठ, पोपटी, वाऱ्यावर डुलणारं... भात.

गीताबाई पदराला हात पुसत त्याच्या कानाशी आली. "तुझा पाला शेळीला टाकला. तिनं पन तोंड फिरवला. राबात भाताचा रोप उरला व्हता, तो खोचला सकाळी, तू नाक्यावर वाट बघत व्हतास तवा. त्यांना उभी शेती बघायची ना? मंग हाय उभी."

"आई, पाइपात भात?"

"गप ऱ्हा. माणूस बघ कसा बघतोय."

लडकूशेट खरोखरच बघत होते. त्यांनी मामाचा खांदा सोडला. पाइप त्यांच्या कंबरेएवढाच होता. ते सरळ उभे राहिले, हाड न् हाड मोजत. कडेला उरलेल्या भाताच्या मुठीतली चार रोपं घेतली आणि शेवटच्या पाइपातल्या एका रिकाम्या ठोकळ्यात खोचली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की शीतलच्या बारशालासुद्धा ते कुणी पाहिलं नसेल.

"उभ्यानं!" ते मामाला म्हणाले. "मामा, उभ्यानं आवणी! अख्खा जन्म ढुंगण आभाळाला नि तोंड चिखलात. भात कसा दिसतो तो आज समोरनं बघितला." मग धनेशकडे वळले. "पोरा, आमी तुला खुळा समजत व्हतो. कंबरेसाठी शेती वर आणलीस तू!"

"शेट, हे खरं तर..." धनेश म्हणाला. गीताबाईनं त्याच्या पायावर पाय दिला.

"माघात लगीन," लडकूशेट म्हणाले. "पन त्याच्या आधी आमच्या खालच्या खाचरावर हाच पाइप टाकून द्यायचा. पुढली आवणी आमची उभ्यानं."

"खालचं खाचर... केवढं आहे?"

लडकूशेटांनी हात लांब केला आणि जाळीपलीकडचं रघूचं अख्खं शेत, बांध, ओढा आणि ओढ्यापलीकडचा आंबाही त्यात दाखवला. "यवढाच. थोडा जास्त."

धनेशनं मनात हिशेब केला. तेवढ्या पाइपात शहापुरापासून कसाऱ्यापर्यंत पाणी नेता आलं असतं. तो बसायला जागा शोधू लागला. बाप रघू आज पहिल्यांदा मागच्या दारात आला होता. त्यानंच आतून खुर्ची आणली, पण ती धनेशला न देता व्याह्यांना दिली.

चहा झाला. उठता उठता लडकूशेट तळहात खाजवू लागले. मग थांबून त्यांनी हात नीट निरखला. "उजवा हात खाजतोय, मामा! पैका येनार. घर पायगुणाचं हाय."

मामानंही मघाशी दोन रोपं खोचून बघितली होती, तोही आपला उजवा हात खाजवून हसला. धनेशला जिवलीचे पाय आठवले. जीप वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत तो हात जोडून उभा होता.

संध्याकाळी शीतलचा फोन आला. आनंदानं तिला नीट बोलता येत नव्हतं. "ऐक ना, पप्पांनी एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"त्यांचा हात दिवसभर कंबरेवर होता ना? खाज आता कंबरेवरून पाठीला, पाठीवरून मानेला गेलीय. ते विचारतायत, एवढा पैका एकदम कुठून येणार आहे?"