फ्लुरिनरावांच्या चीजाची हकीकत

श्री. उंच डोंगरांस नमन, आणि डोंगरांच्या पायथ्याशी चुली विझू न देणाऱ्या माणसांस त्याहून बोटभर अधिक नमन. शके अठराशे एकाहत्तर, विरोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास, वार गुरुवार, ते दिवशी बार्बलाबाई गावच्या तळघराच्या पायऱ्या उतरत होत्या, तो आतून कुरकुर कानी आली ती ऐसी: “फ्लुरिन, लेका, एकोणीस वर्षं दर गुरुवारी तुला कुशीवर वळवतोय. आता माझे गुडघे बोलायला लागले, तूही कधीतरी बोल की!” बोलणारे कास्परराव, गावची लाकडी पिंपे करणारे, विधुर, वय साठीस टेकलेले, आणि ज्यांशी बोलत होते ते फ्लुरिनराव नव्हते, फ्लुरिनरावांचे चीज होते. बार्बलाबाई या फ्लुरिनरावांचे कुटुंब. बाईंनी पायरीवरच हसू गिळले आणि मग मुद्दाम खोकून खाली गेल्या.

हे उमजावे म्हणून आधी राज्याचे वर्णन करणे प्राप्त आहे. राज्य म्हणजे आल्प्स पर्वताच्या कुशीतले छत्तीस उंबऱ्यांचे गाव. पूर्वेस हिमनदी, पश्चिमेस कडा, उत्तरेस काळेभोर रान, दक्षिणेस खिंड एकच, तिची वाट हिमनदीवरून, तीही कार्तिकात मिटते ती वैशाखात उघडते. सूर्यनारायण हिवाळ्यात पंचाहत्तर दिवस कड्याआड राहतात आणि परततात तेव्हा पहिले ऊन चर्चच्या घंटेवर पडते, आणि मग लहानथोर सर्व टोप्या काढून उभे राहतात. युद्ध म्हणाल तर एकच जाहले, खालच्या गावाशी, एका कुरणावरून. तीन वर्षे बर्फाचे गोळे आणि शिव्या यांखेरीज शस्त्र निघाले नाही, आणि अखेर दरड कोसळून कुरणच नदीत गेले तेव्हा तह जाहला. आणि रिवाज म्हणाल तर तो ऐसा, की मूल जन्मले की त्या उन्हाळ्याच्या दुधाचे चीज करावे, जात्याच्या तळीएवढे, त्यावर मुलाची खूण कोरावी आणि तळघरात फळीवर ठेवावे, आणि दर गुरुवारी उलटून मिठाच्या पाण्याने पुसावे. वर्षे जातात तसा त्याचा दगड होतो. मग माणूस गेला की ते कुऱ्हाडीने फोडावे, साऱ्या गावाने तुकडा तुकडा चघळावा, घंटा वाजवावी, आणि मग माणूस गेला ऐसे समजावे. चीज फुटल्याखेरीज मरण नाही आणि बाई विधवा नाही.

ऐसियास एकोणीस वर्षांपूर्वी फ्लुरिनराव मीठ आणावयास खिंडीपलीकडे निघाले ते हिमनदीवरून परतले नाहीत. अकरा दिवस शोध जाहला, बाईही दोर धरून गेल्या, त्यात त्यांचा खांदा निखळला, आणि बर्फाने काहीच परत दिले नाही. मग चीज फोडावे कोणाच्या नावे? गाव म्हणू लागला, “फ्लुरिनराव खिंडीपलीकडे आहेत,” आणि म्हणता म्हणता ते बोलणे वहिवाटीस पडले. बाई चर्चमध्ये सवाष्णींच्या बाकावर बसत राहिल्या. खांद्याने चीज उचलवेना, म्हणून कास्पररावांनी उचलावे आणि बाईंनी पुसावे, ऐसे चालले, आणि दोघांनी हवेपाण्याखेरीज दुसरा विषय कधी काढिला नाही, जरी सारा गाव काय ते जाणत होता.

त्या गुरुवारीही कास्पररावांनी चीज वळविले आणि बाईंनी फडके फिरविले. फडके एके जागी थांबले. फ्लुरिनरावांच्या बारशाला चुलत्याच्या हातून चीज निसटले होते, तेव्हापासून त्यास कडेला अंगठ्याएवढी खोक होती, आणि बाईंचा अंगठा एकोणीस वर्षे तीत विसावत आला होता. आज अंगठ्यास जागा सापडेना. खूण फ्लुरिनरावांचीच होती, परंतु कोरीव ताजे होते.

“कास्परराव, हे कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? अंधारात तुमचा हात चुकला असेल, बाई.”

“माझा हात? पिंपं तुम्ही चुकवता, महिनाभरात गळतात. माझा हात नाही चुकत.”

मग बाई उठल्या आणि कास्पररावांच्या स्वतःच्या फळीशी गेल्या, आणि तेथील चीजावर बोटे वाजविली. ते ढोलासारखे वाजले. कडेला खोक होती.

कास्पररावांनी टोपी काढिली. म्हणाले, “उंदीर, बाई. मागून शिरले. आतून सगळं पोखरलं, नुसती साल उरली. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? मग माझं ठेवलं तिथे. घासून, खूण बदलून.”

“आणि उद्या तुम्ही गेलात म्हणजे? लोकांनी काय चघळायचं?”

“मला कोण आहे चघळायला?”

एव्हाना आपापली चीजे पुसावयास आलेला गाव भोवती जमला होता. पाटलीणबाई म्हणाल्या, “बघा ना, फ्लुरिनराव आले म्हणजे किती चिडतील!” पाद्रीबाबा छताकडे पाहत म्हणाले, “येतील तेव्हा येतील. नवीन चीज लावू त्यांच्या नावे, पुढचं पुढे.” आणि सर्वांनी माना डोलविल्या आणि फडकी पिळू लागले. बार्बलाबाईंनी एकवार त्या पोकळ सालीवर हात ठेविला, खोकेत अंगठा घातला, मग काढिला.

“नका लावू,” बाई म्हणाल्या. “एका मेलेल्या माणसाचं चीज सांभाळायला जित्या माणसाने आपलं मरण देऊन टाकलं, आता पुरे. फ्लुरिन मेला. त्याच रात्री मेला असणार, थंडी फार होती. कुऱ्हाड आणा.”

तात्पर्य येणेप्रमाणे: कास्पररावांचे चीज फ्लुरिनरावांच्या नावे फुटले, बहुत खारट निघाले, सर्वांनी चघळले आणि घंटा वाजली. बाईंनी बाक बदलिला. पुढल्या ज्येष्ठात नवे चीज लाविले, त्यावर खुणा दोन कोरिल्या, कास्पररावांची आणि बाईंची. ते पिकावयास वीस वर्षे लागतात आणि तोवर कास्पररावांस मरण्याची परवानगी नाही, ऐसा बाईंचा हुकूम आहे. हुकूम पाळला जात आहे.