अमादेऊचा अंगठा

बायको देओलिंदा वारल्यावर पाचव्या महिन्यात अमादेऊने पहिल्यांदा स्वतः कोबीचं सूप करायला घेतलं आणि तीन पायांचं बिडाचं भांडं चुलीवर चढवताना थेट उजव्या पायाच्या अंगठ्यावर पाडलं. भांडं रिकामं होतं, एवढंच नशीब. पण एका पायावर नाचत तो बटाट्याच्या सालींवरून घसरला आणि कोपरावर आपटला. तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं, ते शेजारच्या ग्रासिंडाने खिडकीतून ऐकलं. ती हात पुसत धावली.

"अमादेऊकाका, उपवासकाळ चालू आहे. असले शब्द?"

"अंगठा मोडला माझा!"

"अगंबाई! मग छानच की."

"छान?"

"माझी दाढ ठणकत होती तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना? दुखणं म्हणजे प्रभूने धाडलेली चिठ्ठी. मग काय लिहिलंय?"

"आधी मला उठव!"

"उठवते हो. पण वाचून तर बघा."

तीस वर्षं उपवासकाळातल्या दर शुक्रवारी अमादेऊ आमच्या चर्चमध्ये दुखण्यातून मिळणाऱ्या धड्यांवर बोलायचा. खांदा धरला तर क्रूस आठवा, टाच ठणकली तर खिळे आठवा. त्याला स्वतःला सर्दीपलीकडे कधी काही झालं नव्हतं, त्यामुळे धडे भराभर सुचायचे. देओलिंदाचे गुडघे गेल्यावर तर घरातच सोय झाली. ती फरशी पुसताना कण्हली, की हा खुर्चीतून म्हणायचा, "प्रभूला अर्पण कर, देओलिंदा."

"करते. अहो, ती बादली जरा इकडे सरकवता का?"

तोवर हा दुसऱ्या धड्यावर पोचलेला असायचा.

अंगठ्याला प्लास्टर झालं. फादर सेलेश्तिनो समाचाराला आले आणि खूश होऊन म्हणाले, "या शुक्रवारी लोक लांबून येणार बघ. आजवर तू ऐकीव बोललास, आता अनुभवाचं बोल."

अमादेऊ तीन दिवस पाय स्टुलावर ठेवून धड्याची वाट बघत बसला. खिळे आठवून पाहिले, अंगठाच आठवला. काटेरी मुकुट आठवून पाहिला, पुन्हा अंगठा. शुक्रवारी लोकांपुढे फजिती होणार, याची भीती होतीच. पण दुसरीच गोष्ट त्याला जास्त खात होती. दुखण्यात धडा नसेलच, तर इतकी वर्षं आपण देओलिंदाला सांगत काय होतो?

गुरुवारी तो काठी टेकत टेकडीवरच्या चॅपेलला गेला. आमच्याकडे जे दुखतं ते मेणाचं आणून तिथे भिंतीवर टांगायचं, वर कोणासाठी ते लिहून चिठ्ठी लावायची. देखभाल करणाऱ्या बेल्मिरोकडे पाय होते, पण सगळे डावे.

"उजवा नाही?" अमादेऊने विचारलं.

"उजवे संपले!" बेल्मिरो ओरडला. "लाकडं फोडायचे दिवस. सगळ्यांची कुऱ्हाड उजव्यावरच पडते. डावा घे, देवाला कळतं!"

"बरं. आमच्या देओलिंदाचे गुडघे कुठे टांगलेत? त्यांच्या शेजारी लाव."

"गुडघे? तिने गुडघे कधीच वाहिले नाहीत!"

"दरवर्षी यायची की! एवढ्या पायऱ्या चढून."

"यायची. ती बघ तिची रांग!"

खिडकीखाली मेणाचे अकरा कान टांगले होते. जुने पिवळे पडले होते, शेवटचा अजून पांढरा होता. प्रत्येकाला चिठ्ठी होती आणि तिच्यावर देओलिंदाच्या वाकड्या अक्षरात एकच ओळ: 'माझ्या नवऱ्यासाठी.'

"मला वाटलं, तुला ऐकू येत नाही!" बेल्मिरो म्हणाला. "म्हणून तर अकरा वर्षं तुझ्याशी ओरडून बोलतोय. घसा बसतो माझा!"

"मला नीट ऐकू येतं," अमादेऊ म्हणाला आणि पायरीवर बसला. मेणाचा पाय मांडीवर तसाच राहिला. उन्हाने त्याची बोटं वाकली, तरी तो उठला नाही.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. अमादेऊ उभा राहिला. मग म्हणाला, "ग्रासिंडा, त्या दाढेचं पुढे काय झालं?"

"आता विचारताय? चार वर्षं झाली!"

"सांग. मी ऐकतो."

ग्रासिंडा पाऊण तास बोलली. मग कोणाची पाठ निघाली, कोणाचा मुतखडा. फादर दोनदा खाकरले, पण कोणी थांबेना. अमादेऊने मधे एकही धडा घातला नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "कोणीतरी ही खुर्ची जरा पुढे घ्या रे," तेव्हा तो लंगडत गेला आणि खुर्ची पुढे ठेवून आला.

घरी आल्यावर त्याने कोपऱ्यातली बादली उचलली. देओलिंदा जिथे गुडघे टेकून फरशी पुसायची, तिथे नेऊन तिच्या हाताशी येईल अशी ठेवली.